फायर निको

११ नोव्हेंबर २०२५ ला, मंगळवारी सकाळी, मी कॉलवर होतो आणि बाजूला पालथा ठेवलेला फोन थरथरत थरथरत टेबलाच्या पार कडेपर्यंत गेला, इतके मेसेज. पहिला मुलीचा होता, शाळेतून, दोन क्लासच्या मधल्या वेळात पाठवलेला. "बाबा, निको गेला." एवढंच. एक इमोजीसुद्धा नाही, आणि ही मुलगी एरवी जेवायला काय आहे हे विचारतानाही चार इमोजी टाकते.

निको म्हणजे निको हॅरिसन, डॅलस मॅव्हरिक्स या आमच्या बास्केटबॉल टीमचा जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, त्याला त्या सकाळी कामावरून काढलं होतं. क्रिकेट बघणाऱ्यांना हे पद पटकन लक्षात येत नाही म्हणून सांगतो. कोच टीम खेळवतो, मालक पैसे घालतो, पण टीममध्ये कोण असणार, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कोणाला दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात कोण आणायचं, हे सगळं जीएम ठरवतो. निवड समिती आणि खजिनदार एकाच माणसात. आणि बहुतेक शहरांत रस्त्यावरच्या माणसाला आपल्या टीमच्या जीएमचं नावही माहीत नसतं. आमच्या जीएमचं नाव मात्र नऊ महिने अख्खं स्टेडियम ओरडत होतं. फायर निको, फायर निको, म्हणजे निकोला काढा. आदल्याच रात्री मिल्वॉकीकडून ११६-११४ ने हरलो, अकरा मॅचमधली आठवी हार, आणि शेवटच्या सेकंदांत आपलाच खेळाडू फ्री थ्रो टाकायला उभा होता, दोनच पॉइंटचा फरक, आणि तेव्हाही लोक तेच ओरडत होते. मी घरी सोफ्यावर बसून बघत होतो. मुलगी बाजूला गणिताची वही मांडीवर घेऊन टीव्हीबरोबर तोच शब्द म्हणत होती, अगदी लयीत, आणि मी मात्र गप्प होतो. का गप्प होतो ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

आधी कारण सांगतो. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेले, आम्ही झोपायच्या तयारीत. बातमी आली की डॅलसने लुका डोंचिचला लॉस एंजेलिस लेकर्सना देऊन टाकलं. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं अकाउंट कोणीतरी हॅक केलं असणार असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. लुका पंचवीस वर्षांचा, सलग पाच वर्षं लीगच्या पहिल्या पाच खेळाडूंच्या टीममध्ये निवडलेला, आठ महिन्यांपूर्वीच आम्हाला फायनलला घेऊन गेलेला. असा खेळाडू ऐन उमेदीत कोणी देतं का? आणि बदल्यात काय, तर अँथनी डेव्हिस, उत्तम खेळाडू आहे पण पुढच्याच महिन्यात बत्तीस पूर्ण करणार होता आणि वरचेवर दुखापती, मॅक्स क्रिस्टी हा तरुण मुलगा, आणि लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीत, एक खेळाडू निवडायचा हक्क. एक. त्या रात्री माझी बायको, जिला बास्केटबॉलमध्ये फारसा रस नाही, ती उठून मुलीच्या खोलीत जाऊन बसली, कारण आतून रडण्याचा आवाज येत होता.

हे बाहेरच्या माणसाला जास्त वाटेल, मला माहीत आहे. एक खेळाडू गेला, दुसरा आला, अमेरिकेत तर हे चालतच असतं. पण आमचं काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय निको प्रकरण कळणार नाही.

मी २००९ साली डॅलसजवळच्या अर्व्हिंगला आलो. मॅकआर्थर बुलेव्हार्डजवळ अपार्टमेंट, खाली वर सगळे आपलेच, तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी, सगळे प्रोजेक्टवर आलेले आणि सगळ्यांकडे तेच भाड्याचं सामान. शहराशी आमचं नातं फक्त ऑफिस, देऊळ आणि इंडियन ग्रोसरी एवढंच. मार्च २०११ मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षी मॅव्हरिक्स फायनलला गेले, मायामीविरुद्ध, आणि डर्क नोविट्झकी नावाचा सात फुटी जर्मन, तोवर तेरा वर्षं याच टीमला चिकटून राहिलेला, २००६ मध्ये याच मायामीकडून हरलेला, तो अंगात ताप घेऊन चौथी मॅच खेळला आणि जिंकला. २-१ ने मागे होतो, तिथून सलग तीन जिंकल्या. १२ जूनच्या रात्री माझ्या खांद्यावर तीन महिन्यांची पोर झोपलेली, ओरडता येत नव्हतं, म्हणून मी हळूच बाल्कनीत गेलो आणि बघतो तर समोरच्या सगळ्या बाल्कन्यांमध्ये माणसं उभी आणि सगळे ओरडताहेत, एकमेकांना ओळखत नसलेले लोक हात हलवताहेत. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी या गावात राहतो. इथे नुसती नोकरी करत नाही, राहतो.

डर्क एकवीस सीझन एकाच टीमकडून खेळला. त्याच्या शेवटच्या सीझनला, २०१८ मध्ये, एकोणीस वर्षांचा एक गुबगुबीत स्लोव्हेनियन मुलगा आला, लुका. एकच वर्ष दोघं एकत्र. जाणारा आणि येणारा एकाच कोर्टवर, आणि ते बघताना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्याच २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली.

शुक्रवारी दुपारी एका छोट्या खोलीत बोलावलं, आत दोन माणसं, त्यातली एक मी कधीच न पाहिलेली, आणि दहा-अकरा मिनिटांत सगळं संपलं. कंपनीचं नाव घेत नाही, त्यात अर्थ नाही. एच-वन-बीवर असणाऱ्यांना माहीत आहे, नोकरी गेली की साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर सामान बांधायचं. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. नाशिकला आई-बाबांना सांगितलं नाही. घरात आम्ही ठरवलं की मुलीसमोर तो शब्द काढायचा नाही, म्हणून मग आम्ही "ऑफिसचं ते" असं म्हणायचो. "ऑफिसच्या त्याचं काही कळलं का?" "नाही अजून." रात्री मुलगी झोपली की मी लॅपटॉपवर अर्ज भरायचो आणि बाजूला आवाज बंद करून मॅव्हरिक्सची मॅच लावायचो. ८ डिसेंबरला ह्यूस्टनविरुद्ध मॅच हातातून गेलेली होती आणि या पोराने शेवटच्या तीन मिनिटांत एकट्याने सलग अकरा पॉइंट केले. २३ डिसेंबरला पोर्टलंडमध्ये अर्धा-पाऊण सेकंद शिल्लक असताना पार कोपऱ्यातून, हातावर हात असताना, उंच फेकलेला तीनचा बॉल आत गेला, ओव्हरटाइममध्ये हरलो ती गोष्ट वेगळी. मी अंधारात उभा राहिलो होतो. बावन्नाव्या दिवशी मला ऑफर लेटर मिळालं. लुकाचा त्याच्याशी काही संबंध नाही हे मलाही कळतं, पण ते बावन्न दिवस मी कोणाच्या सोबतीने काढले असं विचारलंत तर बायकोच्या आणि त्या मुलाच्या.

म्हणून २०२५ च्या ९ एप्रिलला, लुका लेकर्सकडून खेळायला पहिल्यांदा डॅलसला परत आला तेव्हा मी तिकिटाची किंमत बघितली आणि तरी घेतलं, दोन, अगदी वरचं. अर्व्हिंगहून ऑरेंज लाइन पकडून व्हिक्टरी स्टेशनला उतरलो तर अख्खी ट्रेन लुकाच्या ७७ नंबरची, निम्म्या निळ्या जर्सी, निम्म्या पिवळ्या. स्टेडियमबाहेर डर्कचा पुतळा आहे, फेब्रुवारीत लोकांनी त्याच्याच पायाशी शवपेटी आणून ठेवली होती. प्रत्येक खुर्चीवर टीमनेच एक टी-शर्ट ठेवला होता, त्यावर स्लोव्हेनियन भाषेत "ह्वाला झा व्से", म्हणजे सगळ्यासाठी आभार. मॅचच्या आधी त्याचा व्हिडिओ दाखवला आणि तो बेंचवर बसून टॉवेलने डोळे पुसत होता, आणि वीस हजार माणसं त्याच्याकडे बघत पुसत होती. मग तो उठला आणि आमच्याविरुद्ध ४५ पॉइंट केले. आम्ही हरलो, ११२-९७. घरी येताना कोणालाही हरल्याचं दुःख नव्हतं, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि एक तारीख बघा. बरोबर सहा वर्षांपूर्वी, ९ एप्रिल २०१९ ला, याच कोर्टवर डर्क घरची शेवटची मॅच खेळला होता, तीस पॉइंट केले होते, आणि त्याच मॅचमध्ये लुकाचा ट्रिपल-डबल होता, म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टींत दोन आकडी कामगिरी.

त्या रात्री मीही ओरडलो. फायर निको. मुलगी माझा हात धरून ओरडत होती आणि मी तिच्याहून मोठ्याने. तेव्हा काही वाटलं नाही.

तर आता शनिवारची गोष्ट. बातमी आली त्याच आठवड्यात आमच्याकडे मिसळ ठरलेली होती, आधीपासून. साताऱ्याचा मित्र आणि वहिनी, पुण्याचा एक मित्र जो आकड्यांशिवाय बोलत नाही, आणि ठाण्याहून कामासाठी आलेला माझा मेव्हणा. पहिली वाटी संपायच्या आत विषय निघाला आणि दुपारचे तीन वाजले तरी मिटला नाही.

साताऱ्याच्या मित्राचं म्हणणं साधं. उशीर झाला, नऊ महिने उशीर, पण योग्य झालं. त्याचा राग लुकाला दिलं यापेक्षा कसं दिलं यावर जास्त आहे. निकोने दुसऱ्या कुठल्याही टीमला विचारलं नाही, लेकर्सचा जीएम रॉब पेलिंका आणि तो, दोघांनी कॉफी पिताना सुरुवात केली आणि कोणाला कळू न देता महिनाभरात उरकलं. "अरे आपण जुनी गाडी काढायची तरी चार ठिकाणी विचारतो. जगातल्या पहिल्या पाचातला खेळाडू, आणि एकच गिऱ्हाईक? एक पिक?" हे मला पूर्ण पटतं. लुकाला ठेवायचं की नाही यावर दोन मतं असू शकतात, पण बाजारात न जाता विकणं याला दुसरं मतच नाही.

पुण्याच्या मित्राने निकोची बाजू घेतली, आणि चांगली घेतली, मी ते मान्य करतो. २०२१ मध्ये आला, आधी नायकीमध्ये होता, बास्केटबॉलच्या ऑफिसचा अनुभव शून्य असं सगळे म्हणत होते. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये कायरी अर्व्हिंग या खेळाडूला हात लावायला बऱ्याच टीम बिचकत होत्या तेव्हा त्याने आणला. ड्राफ्टच्या दिवशी अदलाबदल करून डेरेक लाइव्हली घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पी. जे. वॉशिंग्टन आणि डॅनियल गॅफर्ड, आणि त्याच वर्षी फायनल, बॉस्टनकडून ४-१ ने हरलो पण पोचलो ना. "ती टीम लुकाने एकट्याने बांधली नव्हती," तो म्हणाला. आणि लुकाचा फिटनेस, लुकाची बचावातली ढिलाई, त्याला लवकरच द्यावा लागला असता असा पाच वर्षांचा सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार, हे सगळं खोटं नाही. मग डेव्हिस पहिल्याच मॅचमध्ये, ८ फेब्रुवारीला, २६ पॉइंट आणि १६ रिबाउंड करून तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी झाला आणि ३ मार्चला कायरीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. "या दोन दुखापती झाल्या नसत्या तर आज आपण काय बोलत असतो?"

आम्ही जरा गप्प झालो. मग साताऱ्याचा म्हणाला की दुखापत हे नशीब, बरोबर, पण ज्याच्या दुखापतींची फाइल सगळ्या लीगला पाठ आहे त्याला घेतल्यावर दुखापत झाली तर तेवढं नशीब म्हणता येत नाही. आणि मी माझं म्हटलं. ब्रन्सन. २०२२ मध्ये जेलन ब्रन्सन आमच्या हातातून न्यूयॉर्कला फुकट गेला, बदल्यात काही नाही, आणि आज तो तिथला राजा आहे. जे निकोच्या खात्यात जमा करायचं तर हेही लिहावं लागेल.

पण खरं सांगू का, या हिशोबात मला रस असला तरी माझं मन तिथे नव्हतं. निकोच्या दोन वाक्यांनी मला जास्त त्रास दिला होता. एक ट्रेडच्या दुसऱ्याच दिवशीचं, की माझ्यासाठी भविष्य म्हणजे पुढची तीन-चार वर्षं, दहा वर्षांनंतरचं मला माहीत नाही. दुसरं एप्रिलमधलं, लुका लोकांसाठी महत्त्वाचा आहे हे मला माहीत होतं, पण किती ते नीट कळलं नव्हतं. मला हे वाक्य ऐकून राग आला नाही, वाईट वाटलं. म्हणजे हा माणूस चार वर्षं त्या इमारतीत काम करत होता, दारातच डर्कचा पुतळा आहे, एकवीस वर्षं एका ठिकाणी राहिलेल्या माणसाचा, रोज त्याच्या समोरून गाडी जात असेल, आणि तरी कळलं नाही? आम्ही इथे तीन-चार वर्षांसाठी येत नाही मॅचला. मुलं वाढतात तोवर येतो. माझी मुलगी सात वर्षांची असताना लुका एकोणीसचा होता, दोघं एकाच घरात वाढावीत तशी वाढली, तिला इंग्लिश स्पेलिंगच्या आधी डोंचिचमधल्या सीवरची ती छोटी खूण काढता यायची. हे कुठल्या आकड्यात बसवायचं ते मलाही सांगता येणार नाही. पण ज्याच्या हातात टीम आहे त्याला हे माहीत असायलाच हवं, बचाव आणि करार माहीत असायला हवेत तितकंच.

मेव्हणा इतका वेळ ऐकत होता, त्याला बास्केटबॉल कळत नाही, तो म्हणाला, हे सगळं वानखेडेवर बघितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने पाच वेळा जिंकून दिलेल्या रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलं, आणि एप्रिलमध्ये घरच्याच मैदानावर लोकांनी हार्दिकला हुर्यो केला, टॉसला सुद्धा. तो स्वतः होता तिथे. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, वर्ल्ड कप जिंकून आल्यावर, त्याच वानखेडेवर हार्दिक हार्दिक. "मला आजही त्या एप्रिलचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "निर्णय त्याने घेतलाच नव्हता. आम्ही समोर दिसला त्याच्यावर ओरडलो."

इथून बोलणं मालकांकडे वळलं आणि ते वळायलाच हवं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये मार्क क्युबनने टीमचा मोठा हिस्सा अ‍ॅडेलसन आणि ड्युमाँट कुटुंबांना विकला. तेव्हापासून शेवटचा शब्द पॅट्रिक ड्युमाँटचा. लुकाचा ट्रेड त्याच्या होकाराशिवाय झालाच नसता. फेब्रुवारीत हाच माणूस मोठे खेळाडू किती कष्ट करतात, इथे सुट्टी घालवायला यायचं नसतं, असं मुलाखतीत बोलत होता, आणि रोख कोणाकडे होता ते सगळ्यांना कळलं. मिल्वॉकीच्या मॅचला मात्र लेकर्सची ७७ नंबरची जर्सी घालून आलेला एक कॉलेजच्या वयाचा मुलगा त्याच्या शेजारी जाऊन बसला, माफी मागितली, आधी कधीतरी त्याच्यावर ओरडला होता म्हणून, आणि त्या मुलाने नंतर सांगितलं की मालकाला ट्रेडचं फार वाईट वाटतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी निकोला काढलं आणि चाहत्यांना उद्देशून पत्र आलं, गेल्या काही महिन्यांचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते समजतं अशा अर्थाचं. मायकल फिनली आणि मॅट रिकार्डी या दोघांकडे तात्पुरता कारभार दिला. फिनली आमचाच जुना खेळाडू, लोकांना आवडतो.

मी ते पत्र दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंय. पण सही करणारा जो आहे त्याने फेब्रुवारीतही होकार दिला होता, आणि ते त्या पत्रात कुठे नाही. माझं मत विचारलंत तर निकोला काढणं बरोबर होतं, तो त्या खुर्चीत बसून टीम पुढे जाऊच शकत नव्हती, रोज रात्री खेळाडूंना आपल्याच घरात ते ऐकावं लागत होतं, आमचा नवा, अठरा वर्षांचा खेळाडू कूपर फ्लॅग पहिल्या महिन्यापासून त्या गोंगाटात खेळत होता आणि तेही जागा सोडून, कायरी नाही म्हणून कोच जेसन किडने त्यालाच बॉल घेऊन पुढे जायला लावलेलं. हे थांबायलाच हवं होतं. पण एका माणसाला काढून हिशोब पूर्ण झाला असं कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. ज्याने विकलं तो गेला, ज्याने विकायला हो म्हटलं तो आहे.

फ्लॅगचं नाव निघालं तसा पुण्याचा मित्र परत उठला, की बघा, हा निकोच्याच काळात आला. तो आला लॉटरीतून, ड्राफ्टमध्ये पहिला कोण निवडणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं त्यातून. २०२४-२५ चा सीझन ३९ जिंकून ४३ हरून संपवला, प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या पात्रता मॅचमध्ये, मेम्फिसकडून हरलो, आणि मेमध्ये पहिल्या नंबरचा पिक मिळायची आमची शक्यता होती १.८ टक्के. लागला. मी त्या रात्री देवाला हात जोडले, पण निकोला त्याचं श्रेय देणार नाही, आणि खरं तर पुण्याच्या मित्रालाही ते मनापासून द्यायचं नव्हतं, त्याला कोणीतरी त्या माणसाच्या बाजूने बोललं पाहिजे एवढंच वाटत होतं. हे मला त्याच्याबद्दल फार आवडतं.

आणि मग वहिनी बोलल्या. त्या इतका वेळ आत कांदा चिरत होत्या, सगळं ऐकत होत्या. त्या एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहेत, गेल्या दोन वर्षांत त्यांनी किती जणांना त्या छोट्या खोलीत बोलावलंय ते त्या सांगत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं पटतं मला. तो चुकला, त्याला काढायला हवं होतं. पण एखाद्याला काढा म्हणून वीस हजार माणसं ओरडताहेत आणि त्यात आपली मुलं आहेत, ते मला नाही बघवत. त्याचीही मुलं असतील शाळेत." साताऱ्याचा म्हणाला, अगं त्याला कोटींनी पैसे मिळाले असतील. वहिनी म्हणाल्या, "पैशाचं नाही म्हणत मी. शब्दाचं म्हणतेय."

कोणीच काही बोललं नाही. त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक घरात तो शब्द कधी ना कधी येऊन गेलाय, कोणाकडे २००९ मध्ये, कोणाकडे करोनात, आमच्याकडे २०१८ मध्ये. आणि मला सोमवारी रात्री सोफ्यावर मी का गप्प होतो ते तेव्हा कळलं. ज्या शब्दाला आम्ही बावन्न दिवस घरात येऊ दिलं नव्हतं, "ऑफिसचं ते" म्हणून ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं, तो माझी मुलगी गणित सोडवता सोडवता ताल धरून म्हणत होती. तिला शिकवला कोणी, तर एप्रिलमध्ये वरच्या रांगेत तिचा हात धरून मीच. आणि गंमत नाही, मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. लुकाला जे झालं ते तेच होतं ना. रात्री फोन येतो, तुझ्या नकळत सगळं ठरलेलं असतं, बंद खोलीत दोन माणसांनी, आणि सकाळी तू त्या गावाचा नसतोस. आम्हाला इतका राग का आला होता याचं हेही एक कारण असणार, आम्ही त्या जागी बसलो होतो कधीतरी. मग तेच आम्ही दुसऱ्या माणसासाठी मागितलं, गाऊन मागितलं. ते मागणं बरोबर होतं असं मी आत्ताच वर लिहिलंय, आणि ते मी मागे घेत नाही. पण परत तसं ओरडणं माझ्याच्याने होणार नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मुलीला हे सांगायचा प्रयत्न केला. २०१८ बद्दल पहिल्यांदाच सांगितलं, साठ दिवस, नाशिकला न सांगणं, रात्रीचे अर्ज, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "मला माहीत होतं काहीतरी होतं. तू तेव्हा रोज शाळेत सोडायला यायचास." मग म्हणाली, पण निकोला काढायलाच हवं होतं बाबा. मी म्हटलं हो, हवं होतं.

ती तिच्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत बसली. थोड्या वेळाने आली, की तो लेकर्सचा पिक, लुकाच्या बदल्यात आलेला, तो २०२९ चाच आहे ना, ड्राफ्ट जूनमध्ये असतो ना. मी म्हटलं हो. "मग माझं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन त्याच वर्षी मेमध्ये, आणि पुढच्या महिन्यात तो येणार."

"कोण?"

"माहीत नाही. माझ्याहून एखाददोन वर्षांनी मोठा असेल." ती पेन चावत विचार करत होती. "म्हणजे तो आत्ता कुठेतरी शाळेतच असेल बाबा. त्यालाही सोमवारी टेस्ट असेल."